कंडक्टरचं मशीन

संध्याकाळी साडेसात ते नऊ या वेळात खालच्या मेडिकलमधून मला रोज दोन-तीन फोन यायचे. "डॉक्टरसाहेब, ते दुसऱ्या नंबरचं काय आहे?" मी वैतागून नाव सांगायचो, फोन ठेवायचो आणि समोरच्या पेशंटला "हं, बोला" म्हणायचो. तेवीस वर्षं हेच चाललं होतं. दवाखाना किसननगरला, वागळे इस्टेटच्या अंगाला. खाली मेडिकल, वर मी. शेठ मूळचे कच्छचे, पण जन्म ठाण्यातला. माझं अक्षर वाचण्यात त्यांचा हात कोणी धरू शकला नसता. तरी रोज दोन-तीन चिठ्ठ्या त्यांनाही लागायच्या नाहीत.

ही फोनची कटकट जावी, एवढ्या एकाच कारणासाठी मी औषधाची चिठ्ठी छापून देणारं हातातलं मशीन घेतलं. कायद्याचा धाक वगैरे नव्हता. जेनेरिक नावं लिहा, वाचता येतील अशी लिहा, शक्यतो कॅपिटलमध्ये लिहा, हे मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाने २०१६ सालीच नियमांत घातलं होतं. मी ते वाचून आठवडाभर कॅपिटलमध्ये लिहिलंही. साठ-सत्तर पेशंटची ओपीडी असली की आठव्या पेशंटला कॅपिटल अक्षरं एकमेकांना टेकायला लागतात, पंधराव्याला ती पुन्हा वळणावर जातात.

मशीनशी तशी माझी जुनी ओळख होती. २००२ साली अमेरिकेतून सुट्टीवर आलेल्या एका वर्गमित्राने खिशातून पामचं यंत्र, म्हणजे तळहातावर मावणारा छोटा कॉम्प्युटर, काढून टेबलावर ठेवलं होतं. औषधांची अख्खी यादी त्यात, डोस त्यात. त्यावर एका काडीने लिहायचं, पण आपल्या अक्षरात नाही. यंत्राला कळेल अशा त्याच्या स्वतःच्या मुळाक्षरांत. इंग्रजी 'ए' काढायचा तर मधली आडवी रेघ न देता नुसतं छप्पर काढायचं. मी गंमत म्हणून दहा मिनिटं गिरवत बसलो आणि मला हसू आलं. सगळ्या जगातल्या डॉक्टरांचं अक्षर सुधारायला निघालेली ही बालवाडीच होती. बॅटरी पूर्ण उतरली की आतलं सगळं पुसलं जातं, हे त्यानेच सांगितलं आणि माझा उत्साह तिथेच संपला.

या वेळी मुलीने हट्ट धरला. "बाबा, फोनवरून भाजी मागवता, मग औषध लिहायला काय होतं?" एका रविवारी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलो. टेबलावर कॉम्प्युटर आणि प्रिंटर मांडायला माझ्या खोलीत जागा नाही. तपासायचं टेबल, दोन खुर्च्या आणि वजनकाटा ठेवला की खोली संपते. शिवाय लोकमान्य नगर, पाडा भागात घरी व्हिजिटला जावं लागतं. म्हणून हातात मावेल, खालून कागद निघेल असं अँड्रॉइडवर चालणारं यंत्र घेतलं. अकरा हजार रुपये. बसमधल्या कंडक्टरच्या हातात असतं, त्याचंच मोठं भावंड.

पहिल्याच दिवशी पेशंटांनी त्याचं नामकरण केलं. चिठ्ठी कर्रर्र करत बाहेर आली आणि वर्कशॉपमधला एक पोरगा म्हणाला, "डॉक्टर, एक फुल, एक हाफ." आमच्या मावशींनी तेच नाव उचललं. आजही सकाळी दार उघडलं की त्या विचारतात, "कंडक्टरचं मशीन चार्जिंगला लावलंय ना?"

यंत्रातला प्रोग्राम महापेच्या एका छोट्या कंपनीतल्या मुलाने मला हवा तसा करून दिला. हवा तसा म्हणजे पाच हेलपाट्यांनंतर. यात काय काय अडतं, हे आधी कोणी सांगितलं असतं तर माझा महिना वाचला असता.

पहिली अडचण रुंदीची. कागद ५८ मिलिमीटरचा, त्यातले छापायला मिळतात ४८. नेहमीच्या टायपात एका ओळीत ३२ अक्षरं. बत्तीस म्हणजे पुष्कळ वाटतात. पण 'टॅब' लिहून पुढे मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड एसआर इंग्रजी कॅपिटलमध्ये लिहा आणि मग १००० लिहा. मोकळ्या जागा धरून त्या हजारातला १ बत्तिसाव्या घरात पडतो. उरलेली तीन शून्यं खालच्या ओळीत. पहिल्या चाचणीची ती पट्टी हातात आली तेव्हा मी दोनदा वाचली. वर 'एसआर १', खाली '००० एमजी'. महापेचा मुलगा म्हणाला, "सर, प्रिंटर जागा संपली की तोडतो, त्याला शब्द कळत नाही." बरोबर होतं त्याचं. मग ठरलं की एका ओळीत फक्त औषधाचं नाव, दुसऱ्या ओळीत त्याची ताकद ठळक, तिसरीत कधी आणि कसं घ्यायचं. चिठ्ठी हातभर लांब झाली, पण आकडे एकसंध राहिले.

दुसरी अडचण मराठीची. पेशंटला कळावं म्हणून 'सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर' असं मराठीत छापायचं मी आधीच ठरवलं होतं. या प्रिंटरांच्या पोटात देवनागरी नसते. पहिल्यांदा नुसते चौकोन आले. दुसऱ्या खेपेला अक्षरं आली, पण पहिली वेलांटी चुकीच्या घरी गेलेली. 'पाच दिवस'चं 'पाच दविस' झालं. शेवटी मराठी ओळी अक्षरं म्हणून न पाठवता चित्र म्हणून पाठवायच्या, असा मार्ग त्याने काढला. त्याने छपाई हळू होते आणि बॅटरी जास्त खाते, पण वेलांटी जागेवर राहते.

आकड्यांचा घोळ मात्र माझ्याच लक्षात आला, आणि तोही नशिबाने. मराठीत छापतोय तर आकडेही मराठीत, असं मी सांगून ठेवलं होतं. तान्ह्या बाळाच्या तापाच्या औषधाला '४ थेंब' असं छापून आलं. बाळाची आई इंग्रजी माध्यमात शिकलेली. तिने चिठ्ठी बघून सहज विचारलं, "आठ थेंब एका वेळी?" आपला ४ आणि इंग्रजी आठ शेजारी ठेवून बघा. आपला १ आणि इंग्रजी नऊसुद्धा. तेव्हापासून डोस अक्षरी छापतो: चार थेंब, एक गोळी, अर्धी गोळी. मुदतही अक्षरी. औषधाची ताकद इंग्रजीत, कारण पाकिटावर ती तशीच असते.

औषधांची यादी भरायला तीन रविवार गेले. कंपनीने हजारो नावांची यादी आयती देऊ केली होती, मी ती घेतली नाही. दोन महिन्यांचे केसपेपर काढून मोजलं तर मी साधारण दीडशे औषधांपलीकडे जातच नाही. जनरल प्रॅक्टिसमधला माणूस बहुधा याच्याच आसपास असतो, कबूल करो न करो. ती दीडशे स्वतः भरली. प्रत्येकाचा नेहमीचा डोस, नेहमीचे दिवस. म्हणजे नाव निवडलं की बाकीचं आपोआप यायचं, गोळ्यांची एकूण संख्यासुद्धा. चिठ्ठीवर पेशंटचं नाव-पत्ता, तारीख, औषध एकूण किती द्यायचं आणि कसं घ्यायचं हे सगळं असलं पाहिजे असं १९४५ च्या औषध नियमांत आहे. हाताने लिहिताना पत्ता आणि एकूण संख्या मी सर्रास गाळायचो, मशीन गाळत नाही. सही मात्र त्याच नियमाप्रमाणे हातानेच, बॉलपेनने, त्या गुळगुळीत कागदावर. शिक्का मारला तर शाई वाळत नाही आणि पेशंटच्या अंगठ्याबरोबर जाते, म्हणून रजिस्ट्रेशन नंबर छापूनच घेतो.

पहिला महिना झकास गेला. मेडिकलमधले फोन बंद. शेठ एकदा जिना चढून पेढे घेऊन आले. विशेषतः ज्या औषधांची वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद ठेवावी लागते, २०१४ पासूनच्या एच-वन यादीतली, त्यांच्यासाठी त्यांना डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि संख्या असं सगळं उतरवून घ्यावं लागतं. छापील चिठ्ठीवरून ते सोपं झालं होतं. मी फुगलो होतो. दोन डॉक्टर मित्रांना बोलावून यंत्राचं प्रात्यक्षिकही दिलं.

मग जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तो वेल्डर आला.

वय सव्वीस, पोटात मुरडा, आव पडतेय, दोन दिवस झाले. पहिला पाऊस झाला की आमच्याकडे रांगच लागते. त्या दिवशी बाहेर बावीस जण होते. तपासलं, ओआरएस सांगितलं आणि यंत्रात इंग्रजीत 'मेट' टाइप केलं. खाली यादी उघडली. मेटफॉर्मिन, मेथोट्रेक्सेट, मेटोप्रोलोल, मेट्रोनिडाझोल. मला शेवटचं हवं होतं, जुलाबावरचं. बोट पहिल्यावर पडलं. पहिलं औषध मधुमेहाचं आहे. मुदत आणि वेळा मी हाताने बदलल्या, दिवसातून तीनदा, पाच दिवस. नाव परत वाचलं नाही. कर्रर्र. सही. पुढचा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो भावाच्या खांद्यावर हात टाकून आला. "साहेब, गोळी सुरू केल्यापासून जास्तच लागलेत." त्याने खिशातून गोळ्यांचा पत्ता काढून टेबलावर ठेवला. मेटफॉर्मिन. चार गोळ्या पोटात गेलेल्या. या औषधाने मधुमेह नसलेल्या माणसाची साखर सहसा धोक्याइतकी उतरत नाही, तरी मी लगेच बोटाला टोचून पाहिली. ठीक होती. पण या औषधाचा सगळ्यात नेहमीचा त्रास म्हणजे पोट बिघडणं. जुलाब घेऊन आलेल्या माणसाला मी जुलाबाची गोळी दिली होती, दिवसातून तीनदा, जेवणानंतर, स्वच्छ मराठीत छापून.

त्याला खरं सांगितलं. चूक माझी, गोळी चुकीची गेली. सलाईन दवाखान्यातच लावलं, पैसे घेतले नाहीत, योग्य औषध मावशींना पाठवून खालून आणवलं. तो बिचारा "होतं साहेब" म्हणाला. त्याचा भाऊ काहीच बोलला नाही, आणि तेच जास्त लागलं.

दवाखाना बंद करून मी खाली उतरलो. शेठ शटर ओढत होते. मी पत्ता दाखवला. त्यांनी आठवून पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "डॉक्टरसाहेब, माझ्या मनात आलं होतं. तरुण पोरगा, शुगरची गोळी, तीनदा, आणि पाचच दिवस? पण छापील होतं. म्हटलं साहेबांनी विचार करूनच टाकलं असणार. तुमचं अक्षर असतं तर मी फोन केला असता."

घरी जाताना स्कूटरवर मी ते वाक्य घोळवत होतो. तेवीस वर्षं ज्या फोनना मी कटकट म्हणत होतो, त्यातल्या कितींनी माझी चूक पकडली असेल, हे मला कधीच कळणार नाही. "दुसऱ्या नंबरचं काय आहे?" असं विचारलं की मी नाव पुन्हा उच्चारायचो, आणि उच्चारताना एकदा तपासलं जायचं. घाणेरड्या अक्षराचा तो एक फायदा होता आणि मी तो अकरा हजार देऊन घालवला होता. मेट्रोनिडाझोल आणि मेटफॉर्मिन यांची अशी अदलाबदल जगभर नोंदली गेली आहे, सारखी दिसणारी नावं वेगळी वाटावीत म्हणून त्यांतली वेगळी अक्षरं मोठी छापण्याची पद्धतही आहे. हे मी कुठेतरी वाचलेलं होतं. वाचलेलं होतं, एवढंच.

महापेच्या मुलाला रात्रीच फोन केला. तीन अक्षरांवर यादी उघडायची नाही, किमान पाच हवीत. मधुमेहाची औषधं यादीत वेगळ्या रंगात. मेथोट्रेक्सेट यादीतूनच काढून टाकलं. ते संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच द्यायचं असतं, रोज गेलं तर जिवावर बेततं. त्याचे पेशंट संधिवाताच्या डॉक्टरांकडे जातात, मी ते हाताने लिहीन. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक औषधाखाली मराठीत कारण छापायचं. 'जुलाबासाठी.' 'रक्तदाबासाठी.' 'साखरेसाठी.'

कारण छापायला लागलो आणि पेशंट चिठ्ठी वाचायला लागले. आधी घडी घालून खिशात जायची, आता दारातच थांबून वाचतात. "डॉक्टर, ही ॲसिडिटीची कशाला? मला ॲसिडिटी नाही." मग सांगावं लागतं की दुखण्याच्या गोळीने पोटात जळजळ होऊ नये म्हणून. दोन-तीन वेळा सांगता सांगता मलाच वाटलं की खरंच कशाला, आणि खोडली. काही कारणं मात्र छापत नाही. एक सून नैराश्याच्या गोळ्या घेते आणि सासरी माहीत नाही. एका पोराचं गुप्त दुखणं होतं. कारणाच्या ओळीशेजारी म्हणून एक छोटं बटण ठेवलंय, दाबलं की ती ओळ येत नाही. हे बटण मी स्वतःहून मागितलं नव्हतं. त्या सुनेने चिठ्ठी परत टेबलावर सरकवली आणि "एवढं नका लिहू" म्हणाली, तेव्हा सुचलं.

कागदाचं दुखणं वेगळंच. हा कागद उष्णतेनेच छापला जातो, शाई नसते, त्यामुळे उष्णतेनेच बिघडतो. पत्र्याच्या घरात टीव्हीवर ठेवलेली चिठ्ठी मे महिन्यात करडी होते. प्लास्टिकच्या पाकिटात ठेवली तर काही महिन्यांत अक्षरं उडतात. सॅनिटायझरचा ओला हात लागला की डाग पडतो. कळवा नाक्याचे एक रिटायर आजोबा, अतिशय व्यवस्थित माणूस, बीपीची चिठ्ठी वर्षभर पुरावी म्हणून लॅमिनेट करून घेऊन आले. गरम रुळातून निघाल्यावर आत राहिली ती एक काळीकुळकुळीत पट्टी. "डॉक्टर, हे काय हो?" म्हणून त्यांनी ती दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरली. तेव्हापासून बीपी-शुगरच्या पेशंटांना पट्टी देतो आणि तीच औषधं त्यांच्या केसपेपरवर हातानेही लिहितो. हो, हातानेच. मुलगी हसते. व्हॉट्सॲपवर चिठ्ठी पाठवायचीही सोय आहे, पण माझ्या अर्ध्या आजीमंडळींचा फोन नातवाकडे असतो.

आणि नजर. याचा कोणी विचारच करत नाही. लिहिताना मी मान वर करून बोलू शकायचो, हात आपोआप चालायचा. टाइप करताना डोळे खालीच. एका आजींनी तर सरळ सुनावलं, "डॉक्टर, तो मोबाईल ठेवा बाजूला. माझं दुखणं ऐका, मग कोणाशी बोलायचं ते बोला." त्यांना वाटलं मी चॅटिंग करतोय. मी यंत्र त्यांच्याकडे वळवलं, त्यांचं नाव दाखवलं. "बरं," म्हणाल्या, पण पटलं नव्हतं. आता आधी यंत्र पालथं ठेवून ऐकतो, मग उचलतो आणि टाइप करताना मोठ्याने बोलतो: "तापाची गोळी, दिवसातून तीनदा, तीन दिवस." पेशंट मान डोलावतात. कधी मध्येच "मला ती चालत नाही, अंगावर पुरळ येतं" असंही येतं, जे आधी विचारूनही आलं नव्हतं.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाचा निकाल आला. वाचता येईल अशी चिठ्ठी मिळणं हा घटनेच्या २१ व्या कलमाखालच्या आरोग्याच्या हक्काचाच भाग आहे, असं त्यात म्हटलं होतं. आमच्या डॉक्टरांच्या ग्रुपवर दिवसभर विनोद चालले. कोणीतरी मला टॅग केलं, "तू तर आधीच सुटलास." मी काही लिहिलं नाही. निकालाबद्दल माझी तक्रार नाही, वाचता न येणाऱ्या चिठ्ठीची बाजू कोण घेईल?

वेल्डरच्या प्रकारानंतर आठवडाभराने शेठनी एक मागणी केली होती. "साहेब, छापलेलं तुम्ही वाचलंय का नाही, ते मला कळत नाही. सही तर खालीच असते." म्हणून प्रत्येक औषधासमोर पेनाने एक छोटी खूण करायची, असं आमचं ठरलं. छापून झालं, पट्टी फाडली, की पेन घेऊन वरपासून खाली वाचत यायचं. प्रत्येक नावाला एक खूण, मग सही. दर पेशंटमागे दहा-बारा सेकंद जातात. गर्दीत जीवावर येतं. शेठच्या काउंटरवरच्या नव्या पोरालाही त्यांनी शिकवून ठेवलंय, आधी खुणा मोजायच्या.

परवा रात्री पावणेनऊला फोन वाजला. तो नवा पोरगा होता. "सर, औषधं चार आहेत, खुणा तीनच. चौथं द्यायचं ना?"

मी केसपेपर ओढला, यंत्रात चिठ्ठी उघडली, नाव मोठ्याने वाचलं. द्यायचं होतं.